येऊ द्या

१

अकोटला वळसा घालून जाणाऱ्या नव्या बायपासचं काम सुरू होतं, आणि त्या कामावर रागिणीचा दिवस रोज सकाळी पावणेआठला एकाच रीतीनं उजाडायचा. भरावाच्या पायथ्याशी सगळी माणसं गोल करून उभी राहायची. पोकलेनवाला, रोलरवाला, हायवाचे अकरा ड्रायव्हर, पाण्याच्या टँकरवाला आणि मुरूम पसरवणाऱ्या बाया. रागिणी त्यांच्या मध्ये उभी राहून हेल्मेटं मोजायची, चपला घालून आलेल्याला परत पाठवायची, आणि मग सगळ्यांकडून तीन वाक्यं मोठ्यानं म्हणून घ्यायची.

"मशीन सुरू, मी दूर."

"मले ड्रायव्हर दिसला, म्हणून मी त्याले दिसलो असं नाई."

"झेंडीशिवाय मागं नाई."

बाया हसत हसत म्हणायच्या, पण म्हणायच्या. रागिणी कामावर आल्यापासून सात महिन्यांत तिथं कुणाचं बोटसुद्धा चेपलं नव्हतं, आणि ही गोष्ट ती कुणाला बोलून दाखवत नसली तरी रात्री झोपताना तिला ती आठवायची. छत्तीस वर्षांची बाई. लग्नानंतर अमरावतीला जाऊन सेफ्टीचा डिप्लोमा केलेली. नवरा मनोज आणि सासू माणिकबाई मोर्शीकडं संत्र्याचा बगीचा सांभाळायचे. ही आठवडाभर अकोटला खोली घेऊन राहायची आणि शनिवारी एस.टी.नं घरी जायची.

तिसरं वाक्य पार्बताबाईसाठी होतं. हायवा म्हणजे मुरमानं शिगोशीग भरलेला दहा चाकांचा ट्रक. भरावावर चढून तो वळायचा आणि उलटा सरकत सरकत पार कडेशी जाऊन मुरूम ओतायचा. उलटं जाताना ड्रायव्हरला आरशात मावेल तेवढंच दिसतं. ट्रॉलीच्या बरोबर मागं उभं असलेलं माणूस त्याच्या लेखी नसतंच. म्हणून तिथं एका मोठ्या दगडाशेजारी पार्बताबाई उभी असायची. एका हातात हिरवी झेंडी, दुसऱ्यात लाल, गळ्यात शिटी. पंचावन्न वर्षांची, काटक, नऊवारीवर नारिंगी जॅकेट घातलेली. ज्या वावरात तिनं तीस वर्षं वांगी आणि कोथिंबीर लावली, ते वावर याच भरावाखाली गेलं होतं. "माह्या वावरावर कोन कसं चालते, थे मीच पायतो," असं म्हणून तिनं हे काम मागून घेतलं होतं. दोन्ही झेंड्या ती रोज संध्याकाळी घरी नेऊन धुवायची.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी रागिणी जेवण करून भरावावर चढली, तर जीवनचा हायवा पी-पी करत उलटा कडेकडं चाललेला. आणि पार्बताबाई खाली टँकरपाशी पाणी पीत होती. झेंड्या कमरेला खोचलेल्या.

रागिणीनं जीव खाऊन शिटी फुंकली. गाडी कडेपासून हातभरावर थांबली.

"काहून जीवनभाऊ? झेंडी कुठी दिसली तुमाले?"

जीवन खिडकीतून वाकला. चाळिशीचा, रिद्धपूरचा, महानुभावी घरातला माणूस. दारूला शिवणारा नाही, की तोंडात शिवी नाही. अकरा ड्रायव्हरांत रागिणीचा सगळ्यात जास्त भरवसा त्याच्यावर होता.

"झेंडी नाई मॅडम. त्यानं हात दाखवला ना."

"कोनं?"

"थो नाई का, मागं उभा राह्यते. नवा मानूस."

रागिणीनं मागं पाहिलं. दगड होता, मुरूम होता, खाली काढणीला आलेला हरभरा. नवा माणूस कामावर आलाच नव्हता. कुणालाही आत घ्यायचं तर आधी तिच्यासमोर उभं करावं लागायचं.

२

पहिल्या दिवशी तिनं ठरवलं, जीवन घाईत होता आणि चूक झाकायला खोटं बोलला. माणूस चांगला असला तरी उन्हात, भुकेनं, असं होतं. तिनं त्याला एक ताकीद दिली आणि विषय संपवला.

दुसऱ्या दिवशी दुसरा ड्रायव्हर तेच बोलला. तिसऱ्या दिवशी आणखी दोघं.

मग तिनं एकेकाला वेगवेगळं बाजूला घेऊन विचारलं, म्हणजे एकानं दुसऱ्याचं ऐकून बोलायला नको. चौघांनी सांगितलेलं जुळत होतं, आणि तेच तिला आवडलं नाही. तो फक्त डाव्या आरशात दिसतो. पूर्ण दिसत नाही. आरशाच्या कडेला हात दिसतो, खांदा दिसतो. घाई करत नाही. आपल्याला जेवढं मागं जायचं असतं, त्यापेक्षा थोडं जास्तच बोलावतो.

"चेहरा?"

"हाताकडंच ध्यान राह्यते ना मॅडम," एकजण म्हणाला. "मागं जाताना चेहरा कोन पायते?"

साइट इंजिनीअर अमोल पोरगेलासा, अमरावतीचा, सदा फोन कानाला. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, गाडी हादरते, आरसा हलतो, वरून हे ऊन. मुरमावरनं वाफा निघतात, त्यात काहीही दिसू शकतं. खरं सांगू का? ती बाई जागेवर नसते, आणि ड्रायव्हर लोक तिला सांभाळून घेऊन राहिले. बदला तिला."

हे पटण्यासारखं होतं. रागिणीनं दोन दिवस सावलीसारखी पार्बताबाईवर नजर ठेवली. बाई जागेवरच असायची. पाणी प्यायला जायची ती गाडी थांबवून.

"मावशी, तुमाले कोनी दिसते का तिथं?"

पार्बताबाई झेंडीची काठी तळहातावर घासत राहिली.

"दिसत तं नाई," ती म्हणाली. "पन मी लाल दाखवतो अन् गाडी येतच राह्यते. अन् ड्रायव्हर माह्या बाजूले पायतच नाई. जसं काई माह्यापेक्षा मोठं मानूस तिथं उभं हाये."

रागिणीच्या हाताशी एकच उपाय होता, तो तिनं केला. ड्रायव्हरनं जिथं "तो" उभा होता म्हणून सांगितलं, तिथं तिनं चुन्यानं फुली मारायला सुरुवात केली. चार दिवसांत चार फुल्या झाल्या. पहिली अगदी कडेला, नुसत्या हवेत म्हणावी अशी; तिथं माणूस उभा राहिला असता तर पाय घसरून खाली गेला असता. बाकीच्या तीन एका रेषेत आत आत सरकत आलेल्या. तिनं पावलं टाकून पाहिली. पाचवी फुली कुठं पडणार हे मोजायची गरजच नव्हती. तिथं पार्बताबाईचा दगड होता.

त्या संध्याकाळी तिनं पोकलेननं तो दगड उचलून भरावाच्या दुसऱ्या बाजूला नेला आणि पार्बताबाईला तिकडं उभं केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका ड्रायव्हरनं बोट दाखवलं. पाचवी फुली जुन्या जागी पडली नाही. रेघ दगडाच्या नव्या जागेकडं वळली होती.

३

"मी बसते तुमच्या गाडीत," ती जीवनला म्हणाली.

मार्च लागून आठ दिवस झाले होते आणि बारा वाजताच पत्रा हात लावू देत नव्हता. रागिणी डाव्या सीटवर बसली. काच खाली होती, आणि आरसा हाताच्या अंतरावर, धूळ पुसून लख्ख केलेला. तिनं मुद्दाम सगळं नीट पाहून घेतलं. आरशात ट्रॉलीची डावी बाजू, मागची चाकं, मुरमाची पट्टी, त्यापुढं कड आणि आभाळ. पार्बताबाई उजवीकडं होती, म्हणजे या आरशात नव्हती. उजव्या खिडकीतून हिरवी झेंडी दिसली. जीवननं रिव्हर्स टाकला. पी-पी सुरू झालं.

गाडी सरकू लागली. एक ट्रॉलीभर अंतर गेलं. काही नव्हतं. रागिणीला हलकं वाटलं, आणि थोडी लाजही वाटली. अमोल म्हणतो तेच खरं; उन्हाच्या वाफा.

"आला पाहा," जीवन हळूच म्हणाला.

आरशाच्या बाहेरच्या कडेला एक हात होता.

कोपरापर्यंतच दिसत होता. नारिंगी बाही मनगटापर्यंत आलेली, आणि कामावरच्या जॅकेटांना तर बाह्याच नव्हत्या. तळवा स्वतःकडं, बोटं एकदम मिटायची आणि उघडायची. चालायला शिकलेल्या लेकराला आई चार पावलांवरून बोलावते तसं. मायेनं, न कंटाळता.

रागिणीनं खिडकीतून डोकं बाहेर काढून मागं पाहिलं. मुरूम होता. ऊन होतं. माणूस नव्हता. तिनं पुन्हा आरशात पाहिलं. हात तिथंच होता, तसाच हलत होता.

तिच्या डोक्यात त्याही वेळी एक कोपरा शांतपणे विचार करत होता. आरशाची काच वाकडी असेल. मागच्या दिव्याची सावली असेल. पट्टा सुटून लोंबत असेल. तो कोपरा कारणं काढत होता आणि बाकीची ती आरशातल्या बोटांकडं पाहत होती.

"मॅडम!"

जीवननं करकचून ब्रेक दाबला. उजवीकडं पार्बताबाईची शिटी केव्हाची वाजत होती. आत्ता ऐकू आली. खाली उतरून पाहिलं तर मागची चाकं कडेपासून दोन वितींवर होती आणि भरावाला बोट शिरेल एवढी भेग पडली होती.

जीवनचा शर्ट भिजून अंगाला चिकटला होता. तो तिच्याकडं बघत होता.

"मॅडम, तुमी काहून तसं म्हनून राहिल्या होत्या?"

"काय म्हणत होते मी?"

"'येऊ द्या, येऊ द्या' म्हनून राहिल्या होत्या. सारखं. मले वाटलं मागं जागा हाये."

४

त्याच संध्याकाळी तिनं अमोलसमोर कागद ठेवला. उद्यापासून या कामावर एकही गाडी उलटी जाणार नाही. पूर्वेकडून चढायचं, पुढं जात जात मुरूम सोडायचा, पश्चिमेला उतरून नव्या कच्च्या वाटेनं गेटाबाहेर पडायचं. सगळं सरळ, एकाच दिशेनं.

"एवढी वाट करायला दोन दिवस जातील!"

"जाऊ दे. नाहीतर मी काम बंद करायचं पत्र देते. माझ्या सहीनं."

अमोलनं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि सही केली.

पार्बताबाईला तिनं गेटावर नेलं. भरावापासून सगळ्यात लांबची जागा. तिथं पत्र्याचं लहानसं शेड होतं, पाठीमागं आणि एका बाजूला सिमेंटचे माणूसभर उंचीचे पाइप रचून ठेवलेले. कोणत्याही गाडीनं तिथं उलटं यायचं काही कारणच उरलं नव्हतं. गेटावरचा बांबू दोरीनं वर-खाली करायचा, एवढंच काम.

बाई नाराज झाली. "झेंड्या घरी ठेवाले लावल्या माह्या अन् दोरी देली हातात. म्हातारी झाली का मी?"

"मावशी, ऐका माझं. याच्याइतकी सुरक्षित जागा अख्ख्या साइटवर नाई."

"तुले म्हाईत," पार्बताबाई म्हणाली, आणि डबा सोडता सोडता सहज बोलल्यासारखी पुढं म्हणाली, "पन पोरी, थो आता तिथं एकटाच काय करत असन?"

"कोण?"

"जे असन थे. कोनी जवळ यायले तयार नाई म्हनल्यावर थो तरी तिथं काहून राहीन?"

रागिणीनं भाकरीचा तुकडा मोडला. तो तसाच डब्यात ठेवला.

पण दिवस चांगले गेले. एक, दोन, पाच, नऊ. भरावावर मशिनींचा घरघराट होता, पोकलेनच्या बकेटीचा खडखडाट होता, पण ते पी-पी नव्हतं. ते नसण्याची तिला इतकी सवय झाली की रात्री खोलीवर झोपही लागू लागली. मनोजचा फोन आला तेव्हा ती त्याला म्हणाली, "हे काम झालं की थोडे दिवस घरीच राहीन." ड्रायव्हरही निवांत झाले. कुणी आरशाचं नाव काढेना. नवव्या दिवशी सकाळी ती तीन वाक्यं म्हणून घेताना जीवन हसला आणि म्हणाला, "मॅडम, तिसरं वाक्य आता काढून टाका." तिनं ते काढलं नाही. सगळ्यांकडून दोनदा म्हणून घेतलं.

५

दहाव्या दिवशी अमोल अकोल्याला गेला होता. रागिणी साइट ऑफिसच्या कंटेनरमध्ये एकटी बसून दिवसाचा अहवाल लिहीत होती. पावणेएक झाला होता. टेबलावरचा पंखा गरम वारा फेकत होता. बाहेर बाया झाडाखाली जेवत होत्या. कुणाच्या तरी हसण्याचा आवाज आला आणि विरला.

मग पी-पी ऐकू आलं.

पहिल्यांदा तिला वाटलं, कानात आहे. नऊ दिवस न ऐकलेला आवाज आठवणीतून आला असेल. पेन तसंच कागदावर टेकलेलं होतं. पी. पी. पी. ठरलेल्या अंतरानं, सावकाश. आणि तो भरावाकडून येत नव्हता. गेटाकडून येत होता.

ती धावली तेव्हा खुर्ची पडली. कंटेनरपासून गेट दोनशे पावलं. ती ओरडत होती, पण काय ओरडत होती ते तिला पुढं कधीच आठवलं नाही. रिकामे हायवा ट्रक रांगेनं बाहेर पडत होते. पहिले दोन गेले होते. तिसरा गेटापर्यंत जाऊन थांबला होता आणि आता उलटा, अगदी सरळ रेषेत, मुळीच न डगमगता पत्र्याच्या शेडकडं चालला होता.

पत्रा आधी वाकला. मग पाइप एकमेकांवर घसरल्याचा जड आवाज आला. तिसरा आवाज लहान होता, आणि त्यानंतरही पी-पी चालूच राहिलं, कारण गाडी रिव्हर्समध्येच होती.

बांबू वर होता. दोरीचं टोक जमिनीवर पडलं होतं.

जीवन खाली उतरला. शेडकडं गेला नाही. धापा टाकत आलेल्या रागिणीकडं त्यानं पाहिलं, मग शेडच्या डाव्या अंगाला, जिथं कुणी नव्हतं तिथं पाहिलं. मग पुन्हा तिच्याकडं. 

"तुमी तं इथी उभ्या होत्या," तो म्हणाला.

"जीवनभाऊ..."

"इथी उभ्या होत्या मॅडम. पांढरं हेल्मेट. येऊ द्या, येऊ द्या करून राहिल्या होत्या. तुमी म्हनलं म्हनून मी आलो. दुसऱ्या कोनाले मी मागं गेलो नसतो." मग त्याचा आवाज फुटला. "तिकडून कशा आल्या तुमी?"

सबंध कामावर पांढरं हेल्मेट रागिणीचं एकटीचंच होतं. ते तिच्या डोक्यावर नव्हतं. कंटेनरमध्ये टेबलावर होतं, असं तिला वाटत होतं.

६

चौकशीत जास्त वेळ गेला नाही. ड्रायव्हरचा निष्काळजीपणा, असं लिहिलं गेलं. रागिणीच्या वह्या, आराखडा, सकाळच्या सह्या तपासून चौकशीला आलेले साहेब म्हणाले, "तुमच्याकडून तर सगळं व्यवस्थित आहे." 

जीवननं पोलिसांना एकदाच सांगितलं की मॅडमनं हात दाखवला.  पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, "माहीच चूक हाये, लिहा." रागिणी त्याला कोठडीत भेटायला गेली. तो गजांपाशी आला नाही. भिंतीकडं तोंड करून बसूनच बोलला. "तुमचा दोष नाई मॅडम, मले माहीत हाये. पन मले बोलावतानी तुमी हसून राहिल्या होत्या."

पार्बताबाईच्या घरी ती तेराव्याला गेली. सुनेनं चहा दिला, रडली, आणि उठताना तिच्या हातात दोन्ही झेंड्या ठेवल्या. धुऊन घडी घातलेल्या. "आत्या म्हने, मॅडमले वापस द्याच्या हायेत." रागिणीला त्या घेता आल्या नाहीत. ती तशीच बाहेर पडली.

एकच गोष्ट उरली होती. गेटावर कॅमेरा होता. त्याचं तोंड रस्त्याकडं होतं, पण शेडचा डावा कोपरा त्यात यायचा. ते चित्रण अमोलनं पाहिलं. कंटेनरमध्ये, दार लावून, एकट्यानं. बाहेर आला तेव्हा रागिणी पायऱ्यांपाशी उभी होती.

"काय आहे त्यात?"

"काही नाही. धूळ आहे नुसती."

"मला पाहू दे."

"काही नाही म्हणतो ना, मॅडम." तो तिच्या शेजारून उतरून गेला. त्यानंतर चार दिवस ती त्या कामावर होती, पण अमोल तिच्याशी बोलताना तिच्या तोंडाकडं पाहत नव्हता. तिच्या हातांकडं पाहत होता.

ती रात्र रात्र तो पाऊण वाजताचा वेळ आठवत बसायची. पेन कागदावर टेकलेलं होतं, हे नक्की. अहवालातलं शेवटचं वाक्य अर्धवट होतं, हेही नक्की. पण ते वाक्य आणि पहिलं पी-पी यांच्यामध्ये किती वेळ गेला? त्या दिवशी गाडीत आपण काय बोलतोय हे तरी तिला कुठं कळलं होतं?

पाचव्या दिवशी तिनं राजीनामा दिला आणि मोर्शीची गाडी धरली.

७

मनोजनं काही विचारलं नाही. माणिकबाईनं तर उलट चार दिवस तिला चुलीपाशी येऊ दिलं नाही, "झोप," म्हणाली, "तुहे डोये खोल गेले." बगीच्यात मृगाच्या बहाराची शेवटची संत्री उतरत होती. वाऱ्याला सालीचा वास होता. रागिणी खाटेवर पडून राहायची आणि डोळे मिटले की बोटं मुठीत दाबून धरायची.

पंधरा दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास, मनोज भाड्याची पिकअप घेऊन आला. निंबाच्या झाडाखाली संत्र्यांची रास होती आणि माणिकबाई पोत्यावर बसून मोठी-लहान वेगळी करत होती. गुडघ्यांमुळं तिला बसलं की उठायला दोन हात लागायचे. गाडी राशीपर्यंत मागं घ्यायची होती.

"रागिणी," मनोजनं खिडकीतून हाक मारली, "मागं पाहाय वं जरा."

तिला मागं जायचं नव्हतं. पण नाही म्हणावं तर सासू तिथं बसलेली. ती गाडीच्या डाव्या अंगाला, सात-आठ पावलं मागं जाऊन उभी राहिली. दोन्ही हात काखेत घट्ट दाबले. हात उचलायचाच नाही, काय सांगायचं ते तोंडानं सांगायचं, असं तिनं ठरवलं.

पिकअप मागं येऊ लागली. अंतर भरपूर होतं. मग थोडं कमी झालं.

"बस," ती म्हणाली. "बस कर!"

मनोजचा हात खिडकीतून बाहेर आला आणि दोनदा हलला. "दिसलं, दिसलं. येतो."

तिचे हात काखेत होते. बोटं स्वतःच्याच फासळ्यांत रुतली होती.

"मनोज!"

गाडी आली. ती धावली, दोन्ही तळहात पत्र्यावर आपटले, ओरडली. पहिली टोपली चाकाखाली जाऊन फुटली तेव्हा ब्रेक लागला. माणिकबाईचं पाऊल आणि चाक यांच्यामध्ये एक संत्रं होतं.

मनोज उतरला, पांढराफटक. घाबरलेला माणूस ओरडतो तसा ओरडला. "काय करून राहिली होती तू? माय तिथं बसली अन् तू मले ये, ये करून राहिली!"

"मी हात उचलला नाही. मनोज, मी हात उचललाच नाही!"

"म्या सोताच्या डोयानं पायलं आरशात!"

"तिच्यावर काहून वरडतं रे?" माणिकबाई म्हणाली. अंगावर उडालेला संत्र्याचा रस ती पदरानं पुसत होती. "मी पायत नव्हती का? तिचे हात काखेतच होते."

रागिणीच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी पाहिलं होतं. तिला खाली बसावंसं वाटलं, सासूच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटलं.

"हात तं मागचीनं दाखवला," माणिकबाई म्हणाली.

"मागची कोण?"

"थे का, तुह्या मागं उभी हाये. पांढऱ्या टोपीवाली. तुह्या कामावरची असन, भेटाले आली असन, म्हनून मी काई बोलली नाई." तिनं डोळ्यांवर हात धरून रागिणीच्या खांद्यावरून पलीकडं पाहिलं. "अजूनबी बोलावूनच राहिली पाहाय."

रागिणीनं वळून पाहिलं नाही. तिनं मनोजकडं पाहिलं. तोही तिच्या खांद्यावरून पलीकडं पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा राग, भीती, सगळं हळूहळू ओसरत चाललं होतं. "हो, हो, आलो," तो कुणाला तरी म्हणाला, आणि मान डोलावत पुन्हा गाडीत चढला.

तिनं सासूच्या काखेत हात घातले आणि जिवाच्या आकांतानं ओढायला लागली. पण कोणत्या बाजूला न्यायचं, हे तिला सुचेना.